पाण्यात उभा राहिलेला निळा ठिपका: नव्या फोनवर सातारा ते बामणोली

साताऱ्याच्या माची पेठेतल्या एका घरची ही सात आसनी गाडी. मालकी काकांची, चालवतो पुतण्या. काकांना कास, बामणोली, ठोसेघर, चाळकेवाडी हे सगळे रस्ते तोंडपाठ. पुतण्या मात्र पुण्याहून नुकताच परतलेला, त्याला वळणं माहीत नाहीत. म्हणून त्याच्यासाठी मध्यम किमतीचा नवा अँड्रॉइड फोन घेतला. मे महिन्यातल्या एका शनिवारी महामार्गालगतच्या लॉजवरचे पाच प्रवासी घ्यायचे आणि कासवरून बामणोलीला न्यायचे, अशी पहिली फेरी ठरली. नेव्हिगेशन त्याच दिवशी पहिल्यांदा लावलं. सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

संध्याकाळी परत आल्यावर पुतण्याचं म्हणणं एका वाक्यात होतं, "काका, फोनचं जीपीएसच खराब आहे, बदलून आणू." काकांचंही तेच मत, कारण दिवसभरात त्यांना चार वेळा फोन करून वाट सांगावी लागली होती. दुकानदारानं "सॉफ्टवेअर अपडेट मारा" एवढंच सांगितलं. अपडेट मारलं, फरक पडला नाही.

त्या दिवशी काय काय बिघडलं ते मी पुतण्याकडून क्रमानं विचारून घेतलं, तेव्हा पाच गोष्टी हाती आल्या. सकाळी घराखालच्या पार्किंगमध्ये निळा ठिपका यायला दहा-बारा मिनिटं लागली. पोवई नाक्यावर फोननं चुकीच्या फाट्यावर वळायला सांगितलं. यवतेश्वरला थांबल्यावर नकाशावरचा बाण गाडीच्या तोंडाच्या आडवा दिसत होता. कास तलावाच्या पुढे नकाशा पांढराफटक पडला आणि आखलेली वाट गायब झाली. शेवटी बामणोलीत लाँचच्या धक्क्याखाली गाडी लावली, तर ठिपका सरळ निळ्या पाण्यात. मागच्या सीटवरच्या मुलीनं ते पाहून विचारलं, "दादा, आपण बुडालो का?"

या पाचांपैकी उपग्रहांशी संबंध फक्त पहिल्या दोघांचा. बाकीच्यांचा जीपीएसशी काडीचाही संबंध नव्हता. "जीपीएस चालत नाही" या तीन शब्दांत उपग्रह, होकायंत्र, नकाशा, मोबाइलची रेंज आणि टाकलेलं ठिकाण अशा पाच निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात आणि त्या सुट्या केल्याशिवाय कुठलाच इलाज लागू पडत नाही. सुट्या करायची रीत सोपी आहे. फोन विमान मोडवर टाकायचा, लोकेशन मात्र चालू ठेवायचं. आताच्या फोनमध्ये विमान मोडमध्ये मोबाइल आणि वायफायचं प्रसारण थांबतं, पण उपग्रहांचा संदेश ऐकणं थांबत नाही, कारण फोन उपग्रहाला काहीच पाठवत नसतो, फक्त ऐकत असतो. अशा अवस्थेत उघड्यावर ठिपका आला, चाललं की सरकला, तर जीपीएस ठणठणीत आहे. मग जे बिघडतंय ते नकाशाचं, रेंजचं किंवा सेटिंगचं.

मैदानावरची चाचणी

रविवारी सकाळी जिल्हा परिषदेच्या मैदानावर फोन तपासला. त्यासाठी जीपीएसटेस्ट हे मोफत ॲप घातलं. या ॲपमध्ये प्रत्येक उपग्रहासमोर त्याच्या संदेशाची ताकद आकड्यात दिसते, नेव्हिगेशनच्या ॲपमध्ये ती दिसत नाही. आधी ॲपमधूनच, उपग्रह लवकर सापडावेत म्हणून फोननं साठवलेली माहिती पुसून टाकली, म्हणजे फोन कोरा झाला. मग विमान मोड लावला, लोकेशन चालू केलं, फोन आडवा, स्क्रीन वर करून उघड्या आकाशाखाली धरला आणि एका जागी उभं राहून घड्याळ लावलं.

ठिपका सव्वा मिनिटात आला. कोऱ्या अवस्थेतून, इंटरनेटची मदत नसताना ही वेळ चांगली आहे. प्रत्येक जीपीएस उपग्रह आपली कक्षा कशी आहे ही माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पुन्हा सांगत असतो आणि तीही सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीनं. ती पूर्ण ऐकल्याशिवाय त्या उपग्रहाचा हिशेब करता येत नाही. जागा ठरवायला असे निदान चार उपग्रह लागतात: तीन अज्ञात अक्षांश, रेखांश आणि उंचीचे, चौथं अज्ञात फोनच्या घड्याळाची चूक. संदेश सुमारे २०,२०० किलोमीटरवरून येतो, त्याला पोचायला सेकंदाचा पंधरावा हिस्सा लागतो आणि घड्याळात मायक्रोसेकंदाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. चौथ्या उपग्रहाची गरज इतकी सक्तीची का, ते यावरून कळेल.

स्क्रीनवरचे अक्षांश-रेखांश १७.६८ आणि ७४.०० च्या आसपास आले. साताऱ्यात कुणीही फोन तपासताना हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. दशांश चिन्हानंतरचा चौथा आकडा एकनं बदलला तर जागा सुमारे ११ मीटरनं सरकते, त्यामुळे उभ्या जागी पाचवा आकडा नाचत राहिला तर काळजी नको, तिसरा नाचायला लागला तर मात्र बघायला हवं. आकडे दुसऱ्याला पाठवताना आणखी एक घोटाळा नेहमी होतो. १७ अंश ४१ मिनिटं म्हणजे दशांशात १७.६८. मिनिटं तशीच उचलून १७.४१ टाकलं, तर जागा ३० किलोमीटर दक्षिणेला, उंब्रजच्या बाजूला जाते आणि फोन बिनतक्रार तिकडची वाट दाखवतो.

ताकदीचे आकडे डेसिबल-हर्ट्झमध्ये असतात. ३० च्या वर बरे, ४० च्या वर उत्तम, २० च्या खाली निरुपयोगी, असा ढोबळ हिशेब. मैदानावर बहुतेक उपग्रह ३५ ते ४३ च्या दरम्यान होते. जीपीएसबरोबर रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ आणि चीनचा बायडू यांचेही उपग्रह यादीत आले. फोनच्या खोक्यावर नाविक, म्हणजे भारताच्या स्वतःच्या उपग्रह यंत्रणेचं नाव लिहिलेलं होतं, त्यावरून पुतण्याला वाटत होतं की नाविक दिसला नाही तर फोन नकली. तसं नसतं. नाविकचे सुरुवातीचे उपग्रह एल५ आणि एस या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर बोलतात. सगळ्या फोनना ऐकू येणाऱ्या एल१ पट्ट्यावर बोलणारा त्यांचा पहिला उपग्रह एनव्हीएस-०१, २९ मे २०२३ रोजी सोडला गेला. या फोनची चिप एल१ आणि एल५ हे दोन्ही पट्टे ऐकते, हा त्याचा खरा गुण. एल५ वरचा संदेश एल१ वरच्या नेहमीच्या संदेशापेक्षा दहापट बारीक मोजपट्टीचा असतो, त्यामुळे भिंतीवर आपटून आलेला प्रतिध्वनी त्याला सरळ आलेल्या संदेशापासून वेगळा काढता येतो. पेठांच्या अरुंद बोळांत याचा फायदा दिसतो.

एवढ्यानं फोन निर्दोष ठरला. आता पाच तक्रारी एकेक करून.

पार्किंगमधली बारा मिनिटं

माची पेठ अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आहे. दक्षिणेला किल्ल्याचा डोंगर उभा, म्हणजे आकाशाचा तेवढा तुकडा झाकलेला. त्यात गाडी तळमजल्यावर, वर काँक्रीटची स्लॅब. डेटा वाचवायचा म्हणून पुतण्यानं इंटरनेट "गाडी निघाल्यावर चालू करू" म्हणून बंद ठेवलेलं. यातली कुठलीही एक गोष्ट असती तर निभावलं असतं. तिन्ही एकत्र आल्या.

इंटरनेट चालू असतं, तेव्हा उपग्रहांच्या कक्षांची माहिती फोन सर्व्हरकडून दोन-चार सेकंदांत उतरवून घेतो. इंटरनेट नसेल तर ती आकाशातूनच, ३० सेकंदांच्या त्या संथ फेऱ्यात ऐकावी लागते. स्लॅबखाली आकडे २० ते २५ वर आले होते. एवढ्या क्षीण संदेशात उपग्रह आहे हे फोनला कळतं, पण तो काय सांगतोय हे वाचता येत नाही. मधला एखादा तुकडा निसटला की पुढच्या फेऱ्याची वाट. शिवाय ही माहिती साधारण चार तासच कामाची असते, म्हणून काल रात्री फोन चालला होता हा पुरावा सकाळी उपयोगाचा नाही.

यावर उपाय म्हणून पुतण्यानं सकाळचा क्रम बदलला. घरातून निघण्याआधी वायफायवर असतानाच एकदा नकाशा उघडायचा. गाडी पार्किंगमधून काढून रस्त्यावर आली की एक मिनिट थांबायचं, ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ आक्रसेपर्यंत. मगच निघायचं. चालत्या गाडीत फोनला पहिली जागा शोधायला जास्त वेळ लागतो, कारण वळणावळणाला वेगळा उपग्रह इमारतीआड जातो.

त्या वर्तुळाविषयी थोडं. अँड्रॉइडमध्ये त्या वर्तुळाचा अर्थ "आपण यात आहोत याची शक्यता ६८ टक्के" असा असतो. म्हणजे दर तीन वेळांपैकी एकदा खरी जागा वर्तुळाबाहेर असू शकते आणि त्यात फोनची काहीच चूक नसते. उघड्या आकाशाखाली चांगल्या फोनची अचूकता सुमारे ५ मीटर. समोरासमोरच्या दोन दुकानांतलं नेमकं कोणतं, हे त्याला विचारू नये. आणि वर्तुळ कायम गावाएवढं मोठं राहत असेल तर आधी परवानगी तपासावी. अँड्रॉइड १२ पासून ॲप पहिल्यांदा उघडताना 'अचूक' की 'अंदाजे' असं विचारलं जातं. घाईत 'अंदाजे' दाबलं गेलं तर ॲपला सुमारे ३ चौरस किलोमीटरच्या आतली जागाच कळते. या फोनवर परवानगी बरोबर होती, पण साताऱ्यातल्या आणखी दोन फोनवर हाच दोष सापडला, म्हणून इथे नोंदवला.

गाडीतला चोर

पार्किंगचा उलगडा झाला, तरी एक प्रश्न राहिला. मैदानावर ३५ ते ४३ दाखवणारा फोन उघड्या रस्त्यावर, गाडीत ठेवल्यावर २६ ते ३२ वर का घसरतो? काचेमुळे थोडी घट येते, ती दोन-तीन डेसिबलची. इथे घट जवळजवळ दहाची होती. दहा डेसिबल म्हणजे ताकद एक दशांशावर.

यासाठी गाडी मैदानाजवळ उभी करून एकेक वस्तू बंद करत गेलो. इंजिन बंद केलं, आकडे तसेच. चार्जरची वायर काढली, एक-दोननं सुधारले. आरशामागच्या डॅशकॅमची वायर काढली आणि आकडे पाच-सहा सेकंदांत ३८ ते ४० वर गेले. पुन्हा लावली, पुन्हा पडले. तीन वेळा तेच. स्वस्त डॅशकॅममध्ये गाडीचे १२ व्होल्ट उतरवणारा भाग आणि मेमरी कार्डावर लिहिणारं सर्किट यांना नीट आवरण नसतं. त्यांचा रेडिओ कचरा १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे जीपीएसच्या एल१ वरच सांडतो. उपग्रहाचा संदेश जमिनीवर येईपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की हातभर अंतरावरचं हे गुरगुरणं त्याला सहज दाबून टाकतं.

फोनचा स्टँड त्या डॅशकॅमच्या बरोबर खाली, वीतभर अंतरावर होता. स्टँड काढून चालकाच्या उजव्या कोपऱ्यात, काचेलगत खाली लावला, डॅशकॅमपासून साधारण दोन फूट लांब. कॅमेरा चालू असतानाही आकडे ३६ ते ४० वर टिकले. पैसा खर्च झाला नाही. गाडीत फोन "धड चालत नाही" म्हणून जे परत येतात, त्यातल्या कितींच्या मागे अशीच एखादी वस्तू असेल, हे कुणी वायर काढून बघत नाही, याची खंत वाटते.

आडवा बाण

बाणाचा दोष पाच मिनिटांत सापडला. स्टँड चुंबकाचा होता आणि फोनच्या कव्हरात त्यासाठी लोखंडी पट्टी चिकटवलेली. गाडी पळत असते तेव्हा फोन दिशा ठरवतो ती आधीच्या आणि आत्ताच्या जागेवरून, म्हणून चालत्या गाडीत बाण बरोबर असतो. गाडी थांबली की तो होकायंत्राकडे वळतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे सुमारे ४० मायक्रोटेस्ला. स्टँडचं चुंबक त्याच्या कितीतरी पट जोराचं आणि फोनला अगदी चिकटलेलं, मग होकायंत्र तेच चुंबक 'उत्तर' म्हणून दाखवतं. यवतेश्वरला थांबून पुन्हा निघताना हाच बाण पाहून पुतण्यानं गाडी साताऱ्याच्या दिशेनं वळवली होती.

चिमट्याचा साधा स्टँड आणला, लोखंडी पट्टी काढली, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात सात-आठ वेळा फिरवून होकायंत्र जुळवून घेतलं. झाकणाला चुंबक असलेली पाकिटासारखी कव्हरं वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

कास तलावापुढचा पांढरा कागद

समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट चढून पेट्रीवरून कासच्या पठारापर्यंत रेंज येत-जात राहते. तलाव ओलांडून बामणोलीकडे उतरू लागलं की मोठा टप्पा रेंजविना जातो. पुतण्यानं साताऱ्यातून वाट लावली होती आणि ती पठारापर्यंत नीट चालली, कारण वाट आखताना तिच्या लगतचा नकाशा फोन तात्पुरता साठवून घेतो. तलावाजवळ चहाला थांबल्यावर त्यानं 'बॅटरी वाचावी' म्हणून सगळी ॲप बोटानं सरकवून बंद केली. परत उघडलं तेव्हा ना रेंज, ना वाट, ना नकाशा. पांढऱ्या पडद्यावर निळा ठिपका मात्र व्यवस्थित सरकत होता. उपग्रह आपलं काम करत होते, त्यांच्याखालचा कागद नव्हता.

इलाज एकच, नकाशा घरूनच भरून नेणं. गुगल मॅप्समध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवलं की ऑफलाइन नकाशांचा पर्याय येतो. 'स्वतःचा नकाशा निवडा' म्हटल्यावर एक चौकट दिसते. ती ओढून-ताणून उत्तरेला महाबळेश्वर, दक्षिणेला कऱ्हाड, पश्चिमेला कोयनानगर आणि पूर्वेला कोरेगाव येईल अशी बसवली. किती जागा लागेल ते चौकटीखालीच लिहून येतं. वायफायवर उतरवून घेतलं. उतरवलेल्या नकाशाला मुदत असते, ती त्याच यादीत दिसते, तिच्याकडे महिन्यातून एकदा पाहावं.

ऑफलाइन नकाशावर गाडीची वाट निघते, पण रहदारी, पर्यायी रस्ते, पायी जायची वाट हे काही मिळत नाही. फुलांच्या हंगामात कास रस्त्यावरची वाहतुकीची व्यवस्था गर्दीच्या दिवशी बदलतात, तेही साठवलेल्या नकाशाला कळणार नाही. पायवाटांसाठी ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप जोडीला घातलं. ते ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालतं आणि पूर्णपणे ऑफलाइन असतं. डोंगरातल्या काही वाटा त्यात जास्त तपशिलानं आहेत, मात्र दुकानं आणि हॉटेलं कमी.

नकाशा भरला म्हणून समाधान मानू नये. घरीच विमान मोड लावून पोवई नाका ते बामणोली वाट मागून पाहावी. ती निघाली तर तयारी झाली. या तपासात आणखी एक गोम सापडली. नुसतं 'बामणोली' टाकलं की सुचवण्यांमध्ये सांगलीजवळ, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीलगतची बामणोलीही येते. दोन्ही गावांत शंभराहून जास्त किलोमीटरचं अंतर. साताऱ्याहून आपली बामणोली रस्त्यानं सुमारे ३५ किलोमीटर, तेव्हा पडद्यावर अंतराचा आकडा तिप्पट-चौपट दिसला की तिथेच थांबायचं. बोट क्लबची जागा नावानं शोधण्याऐवजी पुतण्यानं दुसऱ्या फेरीत तिथे उभं राहून पिन साठवली आणि तिला स्वतःच नाव दिलं. साठवलेल्या पिनवर नावांचा गोंधळ होत नाही.

जलाशयापलीकडच्या तापोळ्याला जायचं तरी सावध राहावं. मधे कोयनेचं पाणी आहे. काही वेळा नकाशा पाण्यावरून तुटक रेघ काढून 'फेरी' दाखवतो. त्या वेळी लाँच किंवा तराफा सुटणार आहे का, त्यावर गाडी चढते का, पाणी पुरेसं आहे का, हे रेघेला माहीत नसतं. वाटेच्या पर्यायांत 'फेरी टाळा' चालू केलं की तुटक रेघ जाते. पाण्यावरून जायचंच असेल तर धक्क्यावरच्या माणसाला विचारावं.

ॲप बंद करून बॅटरी वाचत नाही, हेही पुतण्याला पटवावं लागलं. खरी बॅटरी खातो तो उन्हात पूर्ण उजेडावर ठेवलेला पडदा. फोनचा बॅटरी सेव्हर मात्र बंद ठेवायला हवा, कारण त्यात पडदा विझला की लोकेशनही थांबू शकतं. सेटिंग्जमध्ये ॲपच्या बॅटरीच्या पानावर मॅप्सला मोकळीक दिली. मे महिन्यात काचेलगत ठेवलेला फोन तापतो, तापला की चार्जिंग मंदावतं आणि पडदा आपोआप अंधारतो. एसीची झडप फोनच्या पाठीवर वळवल्यावर ते थांबलं.

पठारावर असताना पुतण्यानं आणखी एक शंका काढली होती. कासचं पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे असं त्यानं वाचलेलं, ॲप मात्र साठ-सत्तर मीटर कमी दाखवत होतं. इथेही फोन खरं बोलत होता. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या आखीव, गणिती लंबगोलापासून. आपण बोलतो ती समुद्रसपाटीपासूनची. आपल्या भागात सरासरी समुद्रसपाटीची पातळी त्या गणिती पृष्ठभागाच्या साठ-सत्तर मीटर खाली येते, म्हणून दुरुस्ती न करणाऱ्या ॲपमध्ये सातारा, कास, महाबळेश्वर सगळंच तेवढं बुटकं दिसतं.

पाण्यातला ठिपका

ज्या तक्रारीमुळे फोन बदलायचं ठरलं होतं, ती ही. आणि हीच सगळ्यात निर्दोष निघाली.

कोयना धरणाचा शिवसागर जलाशय, साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. पावसाळ्याच्या शेवटी तो भरलेला असतो आणि मेपर्यंत पाणी बरंच मागे सरकतं. बामणोलीच्या धक्क्याखाली तेव्हा उतरती, भेगाळलेली माती उघडी पडते, लाँच खाली जाऊन लागतात आणि गाड्याही त्या उताराच्या टोकापर्यंत नेल्या जातात. नकाशातला निळा पट्टा मात्र एकाच पातळीला आखलेला असतो, ऋतूप्रमाणे हलत नाही. पुतण्याची गाडी जिथे उभी होती तिथे सप्टेंबरमध्ये खरोखर पाणी असतं.

दुसऱ्या फेरीत हे तपासून पाहिलं. त्याच जागी उभं राहून वर्तुळ ५ मीटरवर स्थिरावेपर्यंत थांबलो, अक्षांश-रेखांश कागदावर उतरवले, मग नकाशाचा थर बदलून उपग्रहातून काढलेलं छायाचित्र लावलं. ठिपका मातीच्या उतारावर, गावातून खाली येणाऱ्या रस्त्याच्या टोकापासून जितका लांब हवा तितकाच लांब. मग धक्क्यावर चढून आलो, ठिपकाही निळ्यातून बाहेर येऊन काठावर बसला. उलट प्रसंगात मात्र सावध राहावं. पावसाळ्यात नकाशा जमीन दाखवतो म्हणून गाडी काठापर्यंत रेटू नये.

रेंज नसलेल्या या भागात अडचण आली, तर हेच आकडे कामाला येतात. ते विमान मोडमध्येही वाचता येतात. कागदावर लिहून रेंज मिळेल तिथल्या माणसाकडे द्यावेत किंवा रेंज येताच ११२ वर सांगावेत. 'कासच्या पुढे, उतारावर' यापेक्षा त्यातून मदतीला येणाऱ्याला जास्त कळतं.

पोवई नाका

दुसरी फेरी आठवड्यानं त्याच रस्त्यानं झाली. घरासमोर रस्त्यावर ४० सेकंदांत ठिपका, यवतेश्वरला बाण सरळ, तलावापुढे नकाशा पूर्ण. प्रवासी वेगळे होते. काकांना एकच फोन गेला आणि तो पोवई नाक्यावरून.

इथला दोष गेला नाही, जाण्यासारखाही नाही. २०२१ साली वाहतुकीला खुला झालेला ग्रेड सेपरेटर जमिनीखाली आहे आणि खालीच त्याला फाटे फुटतात. आत शिरताच आकाश बंद होतं. फोन तेव्हा आधीचा वेग आणि आतल्या संवेदकांचा अंदाज यावर ठिपका पुढे ढकलत राहतो. समोरची गाडी हळू झाली, आपणही हळू झालो, की अंदाज पुढे धावतो आणि 'आता वळा' ही सूचना फाट्याच्या आधी किंवा फाटा गेल्यावर येते. शिवाय आत शिरण्याआधीही वरचा रस्ता आणि खालचा रस्ता नकाशावर एकावर एक पडतात. उंचीतला फरक काही मीटरचा आणि फोनची उभी अचूकता आडव्यापेक्षा नेहमीच कमी, त्यामुळे आपण वर आहोत की खाली हे त्याला ओळखता येत नाही. खंबाटकीत पुण्याकडे जाताना बोगद्यातही ठिपका असाच अंदाजानं चालतो, पण तिथे आत फाटा नाही, म्हणून कुणाला कळत नाही.

काकांनी फोनवर सांगितलं ते एवढंच, "आरं, नाक्यावर फोनकडं बघूच नगंस, पाटी वाच." पुतण्यानं आता तसंच धरलंय. सेपरेटरच्या तोंडाशी यायच्या आधी फोनचा आवाज बंद करतो, कुठल्या दिशेची पाटी धरायची ते लॉजवरून निघतानाच ठरवून ठेवतो आणि वर उजेडात आल्यावर ठिपका जागेवर यायला पाच-दहा सेकंद देतो. फोन दुकानात परत गेला नाही. स्टँडचं चुंबक तेवढं काढून घरच्या फ्रिजवर लावलंय.